बेल्तीचं शिंगरू

नगार. लोकर कातरायचा महिना, पौर्णिमा

पोचलो एकदाचा. राजधानी अक्कदहून इथवर गाढवावर बसून आलो आणि आता अंगातलं एकही हाड आपल्या जागी नाही. गाढव या प्राण्याबद्दल मला यापुढे काहीही ऐकायचं नाही.

या गावात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून मनातलं लिहायला हरकत नाही. नदीची माती उत्तम आहे, चिकण, खडा नाही. पण वारा असा सुटतो की मातीची पाटी लिहून भरायच्या आत वाळून जाते. तेव्हा मुद्द्याचं आधी.

राजाच्या रथाला कुंगेच लागतात. गाढवाहून उंच, रुंद छातीचे, पाठीवर काळा पट्टा, आणि धावले की बघत राहावं असे. ते मिळतात फक्त नगारात, आणि नगारची माणसं दर वर्षी मागतील ते घेतात. हिवाळ्यात राजवाड्याच्या पागेत यावरच बैठक होती. मी कोपऱ्यात लिहीत बसलो होतो. कुणी विचारलेलं नसताना बोलून गेलो, "दर वर्षी घ्यायचे कशाला? एकदाच नर घ्या, माद्या घ्या. राजाच्या घरीच शिंगरं होतील."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पागेचे मुख्य उबारुम साहेब म्हणाले, "इतकी वर्षं हे कुणाला सुचलं कसं नाही?" तेव्हाच मी पळून जायला हवं होतं.

आता हुकूम असा: नगारातच राहून जोडी लावायची, कारण नव्या जनावरांना अक्कदचा उकाडा सोसत नाही. पुढच्या नव्या वर्षाच्या सणाआत एक तरी शिंगरू दाखवायचं. दाखवलं तर कालव्याकाठचं घर आणि पागेच्या कारकुनांचं मुख्यपद. नाही दाखवलं तर डोंगरातलं ठाणं. तिथून परत आलेल्या एका कारकुनाला मी पाहिलं आहे. त्याला नाक नव्हतं. थंडीनं गेलं म्हणतात.

त्याच महिन्यात, चंद्र अर्धा

आज उनापकाकांकडे गेलो. कुंगे तयार करणारं इथलं सगळ्यात जुनं घर त्यांचं. म्हातारा काटक आहे, दात शाबूत. कामाचं सगळं त्यांची मुलगी अझूनाया पाहते. तिचा नवरा वारला त्याला तीन वर्षं झाली. बाई हाताने मजबूत, तोंडाने त्याहून.

मी म्हटलं, "चार नर आणि सहा माद्या द्या."

"माद्या?" उनापकाका म्हणाले. "माद्यांचं काय करणार साहेब?"

"शिंगरं."

काकांना खोकला आला. उठून भिंतीपलीकडे गेले आणि तिथे बराच वेळ खोकत होते. इथे धूळ फार आहे. अझूनाया खोकली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो, कारकूनसाहेब."

माणसं साधी आणि देवभोळी वाटतात. मोबदल्यात घासाघीससुद्धा केली नाही.

विटा पाडायचा महिना, पाचवा दिवस

कुंपण घालून झालं. दहा जनावरं आत आहेत. त्यांतल्या एका मादीचा स्वभाव फार गोड आहे. मी जवळ गेलो की मान खांद्यावर टाकते. तिचं नाव मी बेल्ती ठेवलं, म्हणजे आमच्या बोलीत "माझी मालकीण". अझूनाया म्हणाली, "चला, घरात एक तरी बाई तुमचं ऐकते."

माझ्या घरात बाई नाही हे तिला कसं कळलं, देव जाणे.

उनापकाकांच्या गोठ्यामागे एक रानगाढव बांधलेलं आहे. असला दुष्ट जीव मी पाहिलेला नाही. ते ओझं वाहत नाही, गाडीला जुंपून घेत नाही, येईल त्याला लाथ घालतं. आज माझ्या दंडाला चावलं. तरीही सगळ्यात निवडक जव त्याच्या गव्हाणीत, पाणी तेही नदीच्या मधल्या धारेचं. मी विचारलं, "याचा उपयोग काय?"

"जावई आहे तो आमचा," अझूनाया म्हणाली. "जावयाला काम सांगतात का?"

दयेपोटी सांभाळत असावेत. चावलं तिथे तिनेच कांदा ठेचून बांधला. फार झोंबलं.

विटा पाडायचा महिना, शेवट

उकाडा. खजूर नाही. अख्ख्या नगारात खजुराचं एक झाड नाही. माणसं जगतात कशी?

त्यानंतरचा महिना, पौर्णिमा

काम उत्तम चाललं आहे. नरांच्या उत्साहात काडीची कमतरता नाही. संध्याकाळ झाली की अर्धं गाव बिअरचं मडकं आणि लांब नळ्या घेऊन कुंपणाशी येऊन बसतं. एकाच मडक्यात सगळ्यांच्या नळ्या. जनावरं मनावर घेतात तेव्हा लोक नावं घेऊन प्रोत्साहन देतात, टाळ्या वाजवतात. राजाच्या कामाबद्दल इतकी आस्था मी अक्कदमध्येही पाहिलेली नाही. मलाही एक नळी देतात आता.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, पहिलं शिंगरू झालं की त्याचं नाव काय ठेवणार?" मी म्हटलं, ते राजा ठरवेल. त्यावर सगळ्यांनी इतक्या मनापासून मान डोलावली की मला भरून आलं.

अझूनाया नळी न घेता बसली होती. उठताना म्हणाली, "पुरे आता. घरी जा सगळे." ती का रागावली ते कळलं नाही.

पेरणीचा महिना, दुसरा दिवस

काहीही होत नाहीये.

वैरण बदलून पाहिली. कुंपणाची वाऱ्याकडची बाजू चटया लावून बंद केली. नगारच्या देवीला मेंढी दिली. एका बासरीवाल्याला आणून सकाळ-संध्याकाळ वाजवायला सांगितलं. त्याने कुंगे निजले आणि मीही निजलो.

अझूनाया रोज भाकरी आणून देते, वर मेंढीच्या चरबीचा गोळा. राजाच्या माणसाला शिधा द्यायची इथली पद्धत असावी. मी तिला म्हटलं, "बाई, शिध्यात चरबी जरा कमी असली तरी चालेल." दुसऱ्या दिवशी भाकरी आली, ती करपलेली.

उनापकाकांनी काल माझं वय विचारलं, मग दात पाहिले, मग थंडीत सांधे दुखतात का ते विचारलं. मी सगळं सांगितलं. डोंगराच्या ठाण्याचं यांच्याही कानावर गेलं की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

पेरणीचा महिना, अमावास्येच्या आधी

शकुन पाहणाऱ्याला बोलावलं. त्याने मेंढीचं काळीज काढून फिरवून फिरवून पाहिलं. म्हणाला, "वाढ दिसते. गोल वाढ. तुमच्याच अंगणात." मेंढी मग गावाने खाल्ली.

मी तसाच उठून कुंपणात गेलो. आणि बेल्तीकडे पाहिलं. इतके दिवस माझे डोळे कुठे होते? पोट दोन्ही बाजूंनी सुटलं आहे. चालते सावकाश. गव्हाणीवरून मान वर काढत नाही. गेले चार महिने मी तिला माझ्या वाटणीचे जव चोरून घालतो आहे, ते वाया गेले नाहीत. गाभण आहे ती.

मी बेल्तीच्या गळ्यात पडून रडलो. हे कुणी पाहिलं नाही.

दुसरा दिवस

पाहिलं होतं म्हणे. सगळ्यांनी.

चौथा दिवस

आज अक्कदला निरोप पाठवला. पाटी नीट भाजून, वर मातीचं पाकीट चढवून, शिक्का मारून. "बेल्ती नावाची मादी गाभण आहे. राजाला शुभ असो."

निरोप्या वेशीबाहेर पडला नाही तोच अझूनाया पळत आली. हाताला कणीक तशीच. म्हणाली, "पाठवू नका. थोडं थांबा."

"का थांबू?"

तिने मागे वळून पाहिलं. पलीकडे उनापकाका उभे होते, त्यांनी नकाराची मान हलवली. मग म्हणाली, "पोटात वारा असेल तिच्या."

मला राग आला. म्हटलं, "बाई, मी राजवाड्यात बारा वर्षं काढली आहेत. वारा मला कळतो."

"ते खरं," ती म्हणाली आणि परत गेली. भाकरी आली नाही.

थंडीचा महिना, मधला

अक्कदहून उत्तर आलं. ते इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण माझा अजून विश्वास बसत नाही. राजाला आनंद झाला आहे. एवढा, की सणाला नव्या वर्षाचं नाव ठेवतील ते असं असेल: "राजाच्या घरी कुंग्याला शिंगरू झालं ते वर्ष."

आजवर वर्षांना नावं पडली ती लढायांची, मंदिरांची, कालव्यांची. आता खालच्या समुद्रापासून वरच्या समुद्रापर्यंत जिथे कुणी जमीन विकेल, लग्न करेल, बैल उसना देईल, तिथे प्रत्येक पाटीवर माझं शिंगरू असेल. उबारुम साहेब सणाआधी स्वतः येणार आहेत, डोळ्यांनी पाहायला.

गावाला वाचून दाखवलं. मला वाटलं, नळ्या घेऊन नाचतील. एक म्हातारा हळूच उठून गेला. उनापकाका जमिनीकडे बघत होते.

संध्याकाळी अझूनाया आली. म्हणाली, "कारकूनसाहेब, तुम्हाला खोकला आहे."

"नाही."

"आहे. छातीत आहे. इथला वारा तुम्हाला मानवत नाही. असं लिहून पाठवा आणि तो माणूस यायच्या आत घरी जा. आजारी माणसाला कुणी डोंगरावर धाडत नाही."

म्हणजे हिला मी नको झालो. यशाच्या तोंडाशी आलो तर हिला मी नको झालो. मी म्हटलं, "माझी छाती ठणठणीत आहे." आणि दार लावलं. लावल्यावर वाईट वाटलं. अजून वाटतं आहे.

सुगीच्या आधीचा महिना, पहिली कोर

बेल्तीचे दिवस भरत आले असतील. पोट तेवढंच आहे. कमी नाही, जास्त नाही. कासेला दूध नाही. उबारुम साहेब निघाल्याचं कळलं. मला खोकला असता तर बरं झालं असतं.

दुसरा दिवस

घाईत लिहितो आहे, अक्षर कसं येईल ते येवो.

कासेला दूध उतरायला कसलासा पाला लागतो असं बासरीवाल्याने सांगितलं म्हणून सकाळी नदीच्या वळणापलीकडे गेलो. झाऊच्या दाट झाडीत. वर्षभर तिकडे मला कुणी जाऊ दिलं नव्हतं, साप आहेत म्हणायचे. सापबीप काही नाही. हिरवं कुरण आहे. कुरणात उनापकाकांच्या गाढवी, वीसेक तरी. साध्या, राखाडी, ओझ्याच्या गाढवी. आणि त्यांच्या कासेला लुचत होती शिंगरं. लांब पायांची, रुंद छातीची, पाठीवर काळा पट्टा.

मधोमध जावई उभा होता. मोकळा. घरच्या कर्त्या माणसासारखा. त्याला जावई का म्हणतात ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

अझूनाया एका ओल्या शिंगराला गवताने पुसत होती. मला पाहून थांबली नाही. "या," म्हणाली. "आलाच आहात तर हे पाय धरा."

मी पाय धरले. दुसरं काय करणार?

"कुंग्याला कुंगा होत नाही," ती म्हणाली. "कधी झाला नाही. बाप रानातला आणि आई घरची, तेव्हा कुंगा होतो. आणि त्याचा वंश तिथेच संपतो. दर वेळी रानात जाऊन बाप धरून आणायचा, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात."

"बेल्ती?"

"बेल्ती लठ्ठ आहे हो. किती खायला घालता तिला."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"कुत्र्यांनासुद्धा."

"मग मला एकाने तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगत होतात," ती म्हणाली.

त्याच दिवशी, दुसरी पाटी

वर्षभर माझा तमाशा झाला. बिअर पीत पाहिला सगळ्यांनी. टाळ्या वाजवल्या. आणि मला नळी दिली म्हणून मी कृतज्ञ होतो. मला आयुष्यात इतकं कधी लागलं नव्हतं.

बरं. हसणाऱ्यांनी हसून घेतलं. आता कुंगा कसा होतो ते मला माहीत आहे. उबारुम साहेबांना एवढंच सांगायचं: गाढवी उचला, रानगाढवं धरा, अक्कदला न्या. शिंगरं हवी तेवढी होतील. कालव्याकाठचं घर माझं. नगारकडून काही घ्यायची गरजच

(वाळली माती. ओली करून पुढे.)

गरजच उरणार नाही. बोलणं तोंडपाठ करून ठेवलं आहे.

चौथा दिवस

अझूनायाला तोंडावर सांगून आलो, की मी साहेबांना सगळं सांगणार. तिने रडारड करावी अशी माझी इच्छा होती. ती दळत होती, दळत राहिली.

म्हणाली, "नदीच्या खालच्या अंगाला गाव होतं. तिथल्या बायका लोकर इतकी तलम विणायच्या की अंगठीतून जावी. तुमच्या राजाला आवडली. तेव्हाही त्याने कुणाला तरी पाहायला पाठवलं होतं. आता त्या बायका अक्कदला विणतात, आणि त्या गावात बकऱ्या चरतात. माझी मावशी होती त्यांत."

"मी काय करू मग? डोंगरावर जाऊ?"

"मी कुठे काय म्हटलं? तुमचं घर आहे, तुमचं नाक आहे." जातं थांबलं. "मी तुम्हाला जा म्हटलं होतं. खोकला घेऊन जा म्हटलं होतं. ते गावाला विचारून नव्हतं म्हटलं. बापाशी भांडून आले होते."

मग तिने भाकरी दिली. वर चरबीचा गोळा. आता मला असं वाटतं की हा शिधा नसावा.

आठवा दिवस

झोप नाही. त्या विणणाऱ्या बायका मी अक्कदला पाहिल्या आहेत. राजवाड्यामागच्या लांब खोलीत बसतात. त्यांना शिधा मोजून द्यायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. त्या कुठून आल्या हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी खोटं बोलणारा माणूस नाही. मला ते जमत नाही, कान लाल होतात. पण खरं बोलायचं म्हटलं की ते जातं थांबलेलं आठवतं.

उबारुम साहेब उद्या पोचतील. उनापकाका संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, "साहेब, पहाटे आम्ही एक शिंगरू बेल्तीपाशी सोडू. तुम्ही काही बोलू नका. फक्त गप्प राहा. तेवढं होईल ना?"

मी काही बोललो नाही. त्यांना ते उत्तर वाटलं.

दहावा दिवस

काल लिहायला हात चालला नाही. आज सगळं लिहितो.

उबारुम साहेब आले ते चार गाड्या, दोन छत्रीवाले आणि सुजलेला गुडघा घेऊन. गाव कुंपणाभोवती जमलं होतं, पण मडकं नव्हतं. आत बेल्ती उभी, आणि तिच्या बाजूला दोन दिवसांचं शिंगरू, धुऊन पुसून. साहेबांनी पाहिलं, डोळे पुसले, म्हणाले, "काय हो हे रूप! राजाच्या घरचं शोभतं."

मी गप्प राहिलो. कान लाल झाले होते, पण ऊन होतं, चाललं.

इथवर ठरल्याप्रमाणे झालं. मग शिंगराला भूक लागली. ते बेल्तीच्या पोटाखाली शिरलं, शोधलं, काही मिळेना. बेल्तीने ते काय आहे हे एकदा वाकून पाहिलं आणि चार पावलं लांब जाऊन खाऊ लागली. शिंगरू ओरडलं. पुन्हा ओरडलं. आणि नदीच्या वळणाकडून उत्तर आलं. एक गाढवी ओरडत, धूळ उडवत, गळ्यात तुटलेलं दावं घेऊन धावत आली, चटयांचं कुंपण पाडून सरळ आत. शिंगरू तिच्या कासेला लागलं. शेपटी हलवत चुटुचुटु पिऊ लागलं.

गाढवी शिंगराला चाटत होती.

उबारुम साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही गाढवी कोण?"

अझूनायाने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. माणूस कुठल्या बाजूला पाऊल टाकतो ते बघावं तसं ती बघत होती.

"इली-इश्मानी," साहेब म्हणाले, "मी तुला विचारतो आहे. खरं सांग. तुझं घर या उत्तरावर आहे."

मला ते घर दिसलं. पायरीशी कालवा, दारात दोन खजूर. आणि मग मी माझा आवाज ऐकला.

"साहेब, ती दाई आहे."

"दाई?"

"दूधआई. राजघराण्यातल्या मुलाला आई स्वतः पाजते का कुठे? आपल्याकडे राण्या पाजतात? मी म्हटलं, शिंगरू राजाचं, तेव्हा त्याच्या मानाप्रमाणे सगळं व्हायला हवं. म्हणून गावातली चांगल्या स्वभावाची एक गाढवी ठेवली. आज पाहुणे येणार म्हणून तिला लांब बांधलं होतं, तर मायेपोटी आली धावत. हलक्या जातीचं जनावर, रीत कळत नाही."

साहेब बेल्तीकडे बघत होते. ती जवाची चंदी खात होती, जगाची फिकीर नसल्यासारखी. त्यांच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"बरोबर," ते म्हणाले. "माझ्या बायकोनेही पाजलं नाही. तू विचार केलास, हे चांगलं केलंस. दाईला दोन मापं जव जास्त दे."

मागे कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी. मग अख्ख्या गावाला खोकला झाला. साहेब म्हणाले, "इथे धूळ फार आहे." मी म्हटलं, "फार."

बारावा दिवस

साहेब गेले. बेल्ती, एक नर, शिंगरू आणि दाई बरोबर नेली. बेल्तीला निरोप देताना मी पुन्हा रडलो, या वेळी सगळ्यांदेखत.

जाण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिंगराची कल्पना मूळ माझीच, तुला आठवत असेल."

"आठवतं, साहेब."

"अक्कदला यांची निगा मी स्वतः राखणार आहे. राजाने नाव दिलंय म्हटल्यावर कुणा कारकुनावर टाकता येत नाही. कालव्याकाठच्या घरातून पागा जवळ पडेल, आणि माझ्या गुडघ्यालाही पाण्याची हवा बरी. तू इथेच राहा, उरलेल्या जनावरांपाशी. वाईट वाटून घेऊ नकोस. डोंगरापेक्षा बरं."

मला वाईट वाटतं आहे असा चेहरा मी केला. तो नीट जमला असावा, कारण त्यांनी पुन्हा खांदा थोपटला. मग विचारलं, "खास काही करावं लागतं का रे?"

"धीर धरायचा, साहेब. आणि चंदी कमी पडू द्यायची नाही."

त्यांनी ते लिहून घ्यायला लावलं.

सुगीचा महिना, सणानंतर

वर्षाला नाव पडलं. राजाच्या निरोप्यांनी वेशीत ओरडून सांगितलं. गावाने शांतपणे ऐकून घेतलं. कुणाच्या तोंडावरची रेषा हलली नाही. या बाबतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही.

मी अझूनायाला म्हटलं, "पुढच्या वर्षी शिंगरू होणार नाही. साहेबांना कळेल."

"काय कळेल? पाणी मानवलं नाही म्हणतील. नर आळशी निघाला म्हणतील. अक्कदचा माणूस स्वतःचं चुकलं असं कधी म्हणतो का?"

"मी म्हणतो."

"तू इथे राहतोस," ती म्हणाली.

मला ती तू म्हणाली. मी ते पाटीवर लिहून ठेवतो आहे.

सुगीचा महिना, नववा दिवस

वर्षभरातली एक गोष्ट मी इथे लिहिली नव्हती, कारण ती लिहिण्यासारखी वाटली नव्हती. मी विहिरीवर गेलो की तिथल्या बायकांचं बोलणं थांबायचं. मी पाणी भरायचो, त्या घागरींकडे बघत उभ्या राहायच्या, मी वळलो की पुन्हा सुरू व्हायचं. हा राजाच्या माणसाचा मान आहे असं मी समजत होतो, आणि मला तो आवडायचाही.

आज गेलो, तर बोलणं थांबलं नाही.

माझ्याबद्दलच चाललं होतं. एक म्हणत होती, पोटऱ्या अगदीच काटक्या आहेत, नांगरामागे उभा राहील का? दुसरी म्हणाली, नांगर अझूनाया धरते, याने घर झाडावं. तिसरी म्हणाली, घोरतो असं ऐकलं. मी दोर सोडत होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. कुणी आवाजसुद्धा खाली केला नाही.

मग पहिली माझ्याकडे वळून म्हणाली, "घोरतोस का रे?"

"थोडं," मी म्हटलं.

"थोडं म्हणे," ती दुसरीला म्हणाली, आणि पुढे त्या अझूनायाच्या पहिल्या नवऱ्याच्या घोरण्याकडे वळल्या. माझी घागर भरली होती. मी ती काठावर ठेवली आणि ऐकत बसलो.